ढोलकीमागे कोण बसतं?

तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे निघाली, की काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं आणि इंदापूर तालुक्यात बेलवाडीला गोल रिंगण. पखवाज, वीणा, टाळ बहुतेक पुरुषांच्या हाती. बायकांच्या डोक्यावर तुळस. धावतात दोघंही, अभंग दोघांनाही पाठ. पण नाद काढणारी वस्तू एकाकडेच. हेवी मेटल या कर्कश मानल्या गेलेल्या पाश्चात्त्य संगीताचा इतिहास वाचताना ही वाटणी मला पानोपानी भेटली.

हे संगीत बर्मिंगहॅमच्या कारखानी वस्तीतलं. 'ब्लॅक सॅबथ'चा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली, तरी त्यानं गिटार सोडली नाही. १९७० साली त्यांचा पहिला अल्बम आला. कामगार पोरांचा हा नाद पुढे मर्दानगीचं निशाणच बनला. १९७८मध्ये लंडनला 'गर्लस्कूल' उभी राहिली. गिटार, बेस, ड्रम सगळं बायकांच्या हातात! १९८१ साली 'मोटरहेड'बरोबर काढलेली त्यांची तबकडी ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर गेली. तरीही मेटलमधली बाई म्हणजे गाणारी बाई, हाच समज टिकला.

आपल्याकडे हे नवं नाही. लावणीत बाईचं मन बोलतं, पण ती लिहिणारे रामजोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव हे पुरुष. फडावर ती नाचायचा नाच्या पोऱ्या. पवळा हिवरगावकर फडावर आली, तेव्हा बाईच्या तोंडचे शब्द बाईच्या तोंडी आले. पुढे विठाबाई नारायणगावकरांनी राष्ट्रपतिपदक मिळवलं, तर कांताबाई सातारकरांनी पुरुषभूमिका गाजवल्या आणि स्वतःचा फड चालवला. बारामतीला लागूनच असलेल्या दौंड तालुक्यात चौफुल्याला कलाकेंद्रं आहेत. संगीतबारीत पार्टी बाईच्या नावानं, मालकीण बाई, घरही तिच्या घुंगरांवर चालणार. पण ढोलकीमागे बाप्या. मालकी मिळाली तरी वाद्य मिळतंच असं नाही, ही गोष्ट आपल्या तमाशाच्या अभ्यासकांनी फारशी मनावर घेतलेली नाही. विठाबाईंच्या हलाखीवर मात्र भरपूर लिहिलं गेलं. बाईच्या दुःखावर लिहिणं सोपं असतं.

मुंबईच्या 'सेप्टर' या मेटल बँडनं २०१३ साली 'एज ऑफ कॅलॅमिटी' हा अल्बम स्त्रियांवरच्या अत्याचारांवर काढला. हेतू प्रामाणिक, यात शंका नाही. पण वाजवणारे, गाणारे पुन्हा पुरुषच. बाईची वेदना पुरुषाच्या गळ्यातून, म्हणजे शाहिरांचीच परंपरा. फक्त शृंगाराच्या जागी संताप आला.

याला छेद दिला तो जावा बेटावरच्या गारुत जिल्ह्यातल्या तीन शाळकरी मुलींनी. २०१४ साली हिजाब घालून त्यांनी गिटार, बेस आणि ड्रम हाती घेतले. 'व्हॉइस ऑफ बासेप्रोत' हे त्यांच्या बँडचं नाव. सुंदानी भाषेत बासेप्रोत म्हणजे गोंगाट. गावातून विरोध झाला, धमक्याही आल्या. २०२४मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. त्यांच्यात ड्रमवर बसणारीही मुलगीच आहे, हे मला त्यांच्या प्रसिद्धीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

बारामती-इंदापूरकडच्या शाळांत मुलींचं लेझीम पथक असतं. येत्या २६ जानेवारीला त्यांच्यापुढे ढोल कोणाच्या गळ्यात आहे, ते वाचकांनी जरूर पाहावं.