मिरास आणि मुदत

ध्वनिमुद्रणाचा धंदा मर्यादेवाचून कधी चाललाच नाही. बदलत गेला तो मर्यादा घालणारा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास येऊन गायिका गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीत कोरून घेऊ लागला, तेव्हा त्या तबकडीच्या एका अंगास सुमारे तीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नव्हते, आणि मैफलीत तासभर विस्तारणारा ख्याल त्या तीन मिनिटांत बसविण्याची एक स्वतंत्र विद्याच पुढे आमच्या गवयांना हस्तगत करावी लागली. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वी सोडून गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच आहे. या अटीविरुद्ध दाद मागण्यास जागा नव्हती, कारण ती कोणा सावकाराने घातलेली नसून तबकडीच्या व्यासाने आणि तिच्या फिरण्याच्या वेगाने घातलेली होती.

चुंबकीय फीत आली तेव्हा अट निराळी झाली. अमेरिकेत लेस पॉल या गिटारवादकासाठी अँपेक्स कंपनीने १९५७ साली आठ ट्रॅकांचे, म्हणजे फितीवर आठ आवाज वेगवेगळे मुद्रित करणारे, यंत्र करून दिले खरे, परंतु १९६७ साली लंडनच्या अॅबे रोड येथील स्टुडिओत बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’ ध्वनिमुद्रित केले ते चारच ट्रॅकांच्या यंत्रांवर. चारही भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या एका ट्रॅकवर उतरवून घ्यावयाचे, तेणेकरून मोकळ्या झालेल्या जागेत नवे वादन भरावयाचे, आणि प्रत्येक उतरवणीबरोबर फितीची खरखर थोडी वाढते हे निमूटपणे सोसावयाचे, असा तो व्यवहार होता. आमच्या मुंबईत तर त्या काळी गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दमात मुद्रित होत असे, आणि एका सारंगियाचा गज चुकला तर सर्वांना पुन्हा आरंभ करावा लागे. परंतु या सर्व अडचणींत एक समता होती. फितीची रुंदी लखोपतीसाठी वाढत नसे.

कॅलिफोर्नियात १९८४ साली स्थापन झालेल्या डिजिडिझाइन कंपनीने १९९१ साली संगणकावर ध्वनिमुद्रण करणारे प्रो टूल्स बाजारात आणले, तेव्हाही गोष्ट फारशी वेगळी नव्हती. सुमारे ६,००० डॉलर मोजून मिळत ते चारच ट्रॅक, आणि ते चारच असण्याचे कारण संगणकात बसविलेल्या कार्डावरील चिपांच्या कुवतीत होते. पुढे संगणकाचा स्वतःचा प्रोसेसरच समर्थ झाला. स्टाइनबर्ग कंपनीच्या क्यूबेसने १९९६ साली प्रतिध्वनी आणि तत्सम संस्कार वेगळ्या यंत्रावाचून करून दाखविले. माझ्या मते या इतिहासाचा खरा सांधा त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत आहे, वर्गणीच्या, म्हणजे सबस्क्रिप्शनच्या, काळात नव्हे. प्रो टूल्सची फुकट आवृत्ती आठ ट्रॅक देई, एलई नावाची स्वस्त आवृत्ती चोवीस, मग बत्तीस, मग अठ्ठेचाळीस. आणि संगणक मात्र तोच. जे यंत्रास सहज शक्य होते ते परवान्याने अडवून ठेवण्याची रीत येथे पडली, आणि मर्यादा कारखान्यातून उठून विक्रीखात्याच्या दप्तरात जाऊन बसली.

तथापि विकत घेतलेला परवाना, कितीही तोकडा असो, घेणाराचा होता. पेशवाईतील मुलखात मिरासदार आणि उपरी असा कुळांचा भेद असे: मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, धारा त्यालाही चुकत नसे, पण तो परागंदा होऊन वर्षांनी परतला तरी गाव त्याचा हक्क ओळखत असे, उपरी मात्र पाटलाशी केलेल्या कराराच्या मुदतीपुरता कसणारा. उपऱ्याला दर काही वेळा हलका मिळे, हेही सांगितले पाहिजे. कायमच्या परवान्याचा धनी हा मिरासदार होय. नव्या आवृत्तीसाठी त्याला अधूनमधून पैसे भरावे लागत, तरी दहा वर्षांपूर्वीचे गाणे जुन्या संगणकावर उघडावयास त्याला कोणाची अनुमती लागत नसे.

प्रो टूल्सची मालकी तोवर अॅव्हिड कंपनीकडे गेली होती; तिने २०१५ साली वर्गणीची पद्धत सुरू केली, आणि २०२२ साली आपल्या मालाची नवी प्रतवारी लावली. आज फुकटच्या ‘इंट्रो’त ध्वनीचे आठ ट्रॅक, ‘आर्टिस्ट’मध्ये बत्तीस, ‘स्टुडिओ’त ५१२ आणि ‘अल्टिमेट’मध्ये २,०४८ अशी ती चढण आहे. एरवी हजारो रुपये एकरकमी मोजू न शकणारा पुण्या-नाशिकचा विद्यार्थी महिन्याच्या हप्त्यावर तेच हत्यार वापरतो, ही या पद्धतीची बाजू नाकारण्यासारखी नाही. परंतु इस्रायलच्या वेव्हज कंपनीने मार्च २०२३ मध्ये आपल्या प्लगइनांच्या, म्हणजे ध्वनीवर संस्कार करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरांच्या, कायमच्या परवान्यांची विक्री बंद करून केवळ वर्गणीच ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या ध्वनिमुद्रकांनी असा गहजब केला की काही दिवसांतच तो हुकूम मागे घ्यावा लागला. पैशापेक्षाही मिरासी गेल्याचा तो संताप होता. याच्या उलट बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने आपल्या एफएल स्टुडिओ या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या पुढील सर्व आवृत्त्या आजन्म विनामूल्य देण्याचा शब्द अद्याप पाळला आहे. मात्र तिच्या चाचणी-आवृत्तीत जतन केलेले काम परवाना घेईतो पुन्हा उघडता येत नाही.

वर्गणीदाराने आपल्या सनदेत पाहावयाचे ते ट्रॅकांच्या आकड्याहून अधिक हे, की मुदत संपल्यावर अथवा खालच्या श्रेणीत उतरल्यावर जुन्या कामाचे काय होते. बहुधा ध्वनीच्या मूळ फाइली डिस्कवर जशाच्या तशा राहतात. आकड्याबाहेरचे ट्रॅक पुसले न जाता निष्क्रिय होतात, आणि ज्या प्लगइनची वर्गणी थांबली त्याचे काम बंद पडते. म्हणून जाणते ध्वनिमुद्रक काम पुरे होताच प्रत्येक ट्रॅक, त्यावरील संस्कारांसह, आरंभापासून अखेरपर्यंत सलग अशी वेव्ह फाइल करून ठेवतात. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ सालीच प्रसिद्ध केलेला हा साचा कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, परवान्याची विचारपूस न होता उघडतो. त्यात प्लगइनांची कळ-फिरवणी नंतर बदलता येत नाही, एवढी उणीव पत्करावी लागते. आणि एका फाइलीस सुमारे चार गिगाबाइटांची हद्द आहे, जी दीर्घ मैफल मुद्रित करणाऱ्यास अजूनही आडवी येते.