अंगणवाडीतला काटा आणि ताट : दोन मापांचा इतिहास

१/ अंगणवाडीत मुलाचे वजन झाले की सेविका वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका मांडते. हिरव्या पट्ट्यातला ठिपका म्हणजे साधारण वजन, पिवळ्यातला मध्यम कमी, नारिंगीतला तीव्र कमी. हे पट्टे कोणाच्या मुलांवरून आखले गेले?

२/ ‘अंगणवाडी’ हा शब्द ताराबाई मोडक यांचा. १९४५ साली त्यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. जी मुले शाळेपर्यंत येत नाहीत, त्यांच्या अंगणात शाळा न्यावी, ही त्यामागची दृष्टी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांचे नावही अंगणवाडी.

३/ नाव इथले; माप मात्र दूरचे. कुपोषणाच्या श्रेणी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९७२ मध्ये ठरवल्या होत्या, परंतु त्यांचा आधार होता अमेरिकेतील बोस्टनच्या मुलांवरून बनलेली ‘हार्वर्ड’ मापे. त्या मध्यक वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक ते साधारण. त्याखाली चार श्रेणी.

४/ यातून एक युक्तिवाद सहज निघतो : आपली मुले मुळातच चणीने लहान, त्यांना परक्यांच्या काट्यावर का तोलावे? ऐकायला तो स्वाभिमानी वाटतो. पण तो मान्य केला, तर पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार हीच आपली प्रकृती ठरते.

५/ याचे उत्तर शोधणारा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात केला. पेलोतास, अक्रा, दिल्ली, ऑस्लो, मस्कत आणि डेव्हिस या सहा शहरांतील सुमारे ८,५०० मुले त्यात होती. निकष कडक होते : स्तनपान, वेळेवर पूरक आहार, धूम्रपान न करणारी माता, वाढीला बाधक नसलेली आर्थिक स्थिती.

६/ सहाही ठिकाणची मुले जवळजवळ सारखीच वाढली. उंचीतील एकूण तफावतीपैकी केवळ ३ टक्के भाग ठिकाणामुळे होता. पहिल्या पाच वर्षांत भारतीय मूल खुजे राहते, त्याचे कारण वंशात शोधण्याची सोय उरली नाही. २००६ मध्ये नवी मानके प्रसिद्ध झाली आणि २००८ मध्ये भारताने ती स्वीकारली. त्यांनुसार तीन वर्षांच्या मुलग्याचे मध्यक वजन १४.३ किलो, ११.३ किलोखाली ‘कमी वजन’.

७/ काट्याचे माप बदलले, मग ताटाचे? योजनेतील पूरक आहाराचे प्रमाण ३०० उष्मांक आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिने असे होते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांखालील प्रत्येक मुलाला ते देण्याचा आदेश दिला. २००९ मध्ये ते ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने झाले. तीव्र कुपोषित मुलांसाठी ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हेच प्रमाण मुलांचा हक्क ठरवले.

८/ म्हणून ही दोन मापे एकत्र वाचावी लागतात. तक्ता सांगतो, हे मूल किती वाढू शकले असते. कायदा सांगतो, त्यासाठी त्याला काय मिळायला हवे. नारिंगी पट्ट्यातला ठिपका पाहून ‘आपली मुले अशीच’ म्हणणाऱ्याला दिल्लीच्या त्या मुलांनी केव्हाच उत्तर दिले आहे.