जुनी वीणा, मिरजेचे कारागीर आणि रामन

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील गाव. गंगाखेड हे परंपरेने संत जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते, आणि या मुलखात अखंड हरिनाम सप्ताहाची प्रथा आहे. सप्ताह चालू असेतो वीणा खाली ठेवायची नाही, असा दंडक असतो. एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. असे हात बदलत, उन्हाळ्यात वाळत आणि पावसाळ्यात दमट हवा खात वीणेची वर्षे जातात. मग कधीतरी भोपळ्याला तडा जातो, खुंट्या फिरू लागतात, आवाज बसतो. ती दुरुस्त करायची, की माळ्यावर टाकून नवी आणायची? जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या तंबोऱ्यापुढे किंवा गिटारपुढेही हाच प्रश्न असतो. तो वाटतो तितका किरकोळ नाही. महाराष्ट्रातील वाद्यनिर्मितीचे सर्वांत मोठे केंद्र याच प्रश्नातून उभे राहिले, असे मिरजेची परंपरा सांगते.

तलवारीकडून तारेकडे

शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. १८१८ साली पेशवाई संपली, लढाया थांबल्या आणि या धंद्याची गरज ओसरू लागली. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि दरबारात गाण्याला मान होता. बाहेरगावच्या गवयांची वाद्ये प्रवासात मोडत आणि ती नीट करणारे जवळपास कोणी नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे काम फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे आले, अशी हकीकत मिरजेत सांगितली जाते. धातूवर बसलेला हात लाकडाकडे वळला. मोडलेली वाद्ये उघडता उघडता त्यांची रचना समजली आणि पुढे नवी वाद्ये घडू लागली. या कामाला लागणारे मोठे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात पिकतात, म्हणजे कच्चा मालही फार दूर नव्हता. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि जाणकार गिऱ्हाइकाचा कान कारागिराच्या शेजारी आला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

उघडता येणारा सांधा

दुरुस्ती शक्य होते याचे एक कारण साधे आहे. जुनी वाद्ये सरसाने जोडलेली असत. सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून करतात. तो सुकल्यावर सांधा घट्ट धरतो, पण ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा मऊ पडतो. त्यामुळे भोपळ्यावरची लाकडी तबली न मोडता सोडवता येते, आतून तड्यावर कापडाची पट्टी चिकटवता येते आणि तबली परत बसवता येते. जुन्या गिटारचा सांधाही याच कारणाने उघडतो. चपडा लाखेचे पॉलिशही स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून नवा थर जुन्यात मिसळून जातो. दोन भाग मिसळून लावण्याचे आजचे रासायनिक डिंक जास्त पक्के असतात; पण त्यांनी जोडलेला सांधा पुढच्या कारागिराला बहुधा फोडूनच काढावा लागतो. पक्केपणा हा दर वेळी गुण नसतो, हे येथे ध्यानात येते.

घोडीवरचे कोडे

तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. गिटारची तार एका अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिचा माथा किंचित उताराचा, गोलसर घासलेला असतो. कंपन पावणारी तार त्या उताराला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि भरदार गुंजन उमटते. हीच जवारी. वर्षानुवर्षांच्या वापराने तारा घोडीवर बारीक चर पाडतात आणि आवाज बसतो. कारागीर कानशीने माथा पुन्हा घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा घासतो. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवून तो स्वर उघडतो.

या घोडीकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे लक्ष गेले. १९२१ साली कलकत्त्याहून त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमानुसार, तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या उपस्वरांचे निस्पंद येतात ते उपस्वर ऐकू येऊ नयेत. तार बरोबर मध्ये छेडली, तर मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट वारंवारतेचे स्वर गायब व्हायला हवेत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते ठळकपणे ऐकू येतात, असे रामन यांना आढळले. नियम चुकीचा नव्हता. तारेची टोके पक्की बांधलेली आहेत हे त्यातील गृहीत येथे लागू पडत नव्हते, कारण घोडीवर तारेचा टेकण्याचा बिंदू प्रत्येक कंपनात सरकतो. रामन यांनी मांडलेली ही गोष्ट अनाम कारागिरांचे हात त्याआधीच साधत आले होते.

ताणाचा हिशेब

जुने वाद्य नीट झाले, तरी एक पथ्य उरते. तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. काळी एकमध्ये लावलेला तंबोरा त्याच तारांवर काळी दोनला चढवला, तर वारंवारता सुमारे १.१२ पट होते आणि ताण त्याच्या वर्गाइतका, म्हणजे सुमारे १.२६ पट. कानाला दोन पट्ट्यांचाच फरक जाणवतो, पण जुन्या सांध्यावर सव्वापट ओढ पडते. गिटारच्या सहा पोलादी तारांची एकत्रित ओढ तर सुमारे ७० किलो वजनाइतकी असते. स्वस्त जुन्या गिटारची मान वाकलेली आणि घोडी उचकटलेली का दिसते, याचे उत्तर यातच आहे.

तेव्हा गावाच्या प्रश्नाला उत्तर असे देता येईल. तडा, सैल खुंटी, बसलेली जवारी, सुटलेला सांधा ही दुरुस्तीची कामे आहेत. दांडी पिळली असेल किंवा लाकूड किडीने पोखरले असेल, तर नवे वाद्य घेणे शहाणपणाचे. मात्र आज मोबाइलवरही तंबोरा वाजतो आणि जुने वाद्य कारागिरापर्यंत पोहोचण्याआधीच माळ्यावर जाते. दुरुस्तीची कामे थांबली, तर नव्या कारागिराची पहिली शाळाच बंद पडेल.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. गावातील वीणा मागून आणावी आणि तार बरोबर मध्ये छेडावी. मग घोडीवरील धागा थोडा पुढे-मागे सरकवून पुन्हा छेडावी. आवाजात काय बदलले, हे विद्यार्थ्यांना आधी स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावे. नियम त्यानंतर फळ्यावर लिहावा.