बांबू शिजवणारा कॉस्टिक सोडा तुमच्या फेसवॉशमध्ये कसा?

बल्लारपूरची पेपर मिल ऐकून असाल. कंपनी 1945 मधली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू तिथे कॉस्टिक सोड्यात शिजवून लगदा केला जायचा. आता तुमच्या फेसवॉशचं लेबल बघा. 'सोडियम हायड्रॉक्साइड' दिसलं? तोच हा कॉस्टिक! मग चेहरा का भाजत नाही?

पूर्वी साबण राखेच्या खारापासून व्हायचा. खाराचा जोर दरवेळी वेगळा. 1791 मध्ये फ्रान्सच्या लब्लांनं मिठापासून सोडा काढायचं पेटंट घेतलं. तो सोडा चुन्यासोबत उकळला की कॉस्टिक. पुढे 1823 मध्ये शेव्ह्रलनं तेल-चरबीची रचना उलगडली: खारानं ती फुटते, साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. म्हणजे माप बरोबर असेल, तर साबण होताना कॉस्टिक संपून जातो. फेसवॉशमध्ये तो अगदी थोडा, आम्लता जुळवण्यापुरता.

म्हणून मोहाच्या तेलाचा घरगुती साबण घेताना 'केमिकल-फ्री' शब्दाला भुलू नका. कॉस्टिकशिवाय साबणाची वडी होतच नाही. विचारा एवढंच: कॉस्टिक काट्यावर मोजला होता का? पीएच तपासला का? साबणाचा पीएच साधारण 9-10 असतो. उरलेला कॉस्टिक मात्र कातडी आणि बांबू यात फरक करत नाही.