औषध नव्हतं तेव्हा : चर्चमधल्या आधारगटांची गोष्ट



सुरुवात एका खोलीपासून करूया. मुंबईत किंवा गोव्यात संध्याकाळच्या वेळी एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये, कधी सुटलेल्या शाळेच्या वर्गात, पंधरा-वीस माणसं खुर्च्या मांडून बसलेली असतात. एक जण उठतो, फक्त आपलं पहिलं नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि आपली हकीकत सांगायला लागतो. बाकीचे ऐकतात. कोणी उपदेश करत नाही. मग चहा होतो आणि माणसं घरी जातात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, यात उपचार कुठे आहे? डॉक्टर नाही, गोळी नाही, फी नाही. तरी घरदार उधळायला निघालेली कितीतरी माणसं याच खुर्च्यांवर बसून सावरली आहेत.

आजचा आपला प्रश्न साधा आहे. ही रीत आली कुठून? आणि ती चर्चच्याच खोलीत का वाढली? चर्चकडे प्रवचन होतं, प्रार्थना होती, दानधर्म होता. माणसं त्यानं बरी झाली असती तर गट कशाला लागले असते? या इतिहासात तीन मुक्काम आहेत. ब्रिस्टल, बॉस्टन आणि ॲक्रन. आपण क्रमानं जाऊ.

पहिला मुक्काम इंग्लंडमधलं ब्रिस्टल, साल १७४२. जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. शेजारच्या किंग्जवूडचे कोळसा खाणीतले मजूर, शहरातले कारागीर, विधवा, असे लोक त्यांच्याकडे येत. १७३९ मध्ये त्यांनी सभेसाठी एक इमारत बांधली होती, तिचं नाव 'न्यू रूम', आणि तिचं कर्ज डोक्यावर होतं. ते कसं फेडायचं यावर फेब्रुवारी महिन्यात बैठक बसली. फॉय नावाच्या एका कप्तानानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, गरिबांना तेवढंही जमणार नाही. त्यावर फॉय यांनी सांगितलं, सगळ्यात गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. इतरांनीही तसंच करायचं ठरवलं. अकरा माणसं आणि एक मुखिया, बारांचा एक वर्ग.

आता गंमत बघा. पैसे मागायला घरोघर गेलं की नुसते पैसे दिसत नाहीत. कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलंय, कोण नवरा पिऊन घरी येतो, हे सगळं दिसायला लागलं. मुखियांनी ते वेस्लींच्या कानावर घातलं आणि वेस्लींच्या लक्षात आलं की आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. पुढे प्रत्येक घरी जाणं अवघड व्हायला लागलं, तेव्हा आठवड्यातून एकदा बाराही जण एकत्र बसू लागले. आपल्याकडच्या भिशीची किंवा बचत गटाची आठवण होईल. बायका पैशासाठी जमतात आणि बोलतात मात्र संसाराचं. हिशोबाच्या वहीतून सोबत तयार होते ती अशी.

इथून सुमारे १६० वर्षं पुढे जायचं आहे, आणि समुद्रही ओलांडायचा आहे. दुसरा मुक्काम अमेरिकेतलं बॉस्टन. मधला काळ सोडून तिथे जाण्याचं कारण असं की आधारगटाची आज आपण ओळखतो ती घडण तिथे झाली, आणि तिच्यामागे एक जीवघेणा रोग होता.

१९०५ साल. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवला होता, पण त्यावर औषध नव्हतं. पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. म्हणजे रोगाचं कारण कळल्यानंतर साठ वर्षं डॉक्टरांच्या हातात होतं ते एवढंच : विश्रांती, मोकळी हवा, पोटभर अन्न. ज्याच्याकडे पैसा आहे त्यानं डोंगरातल्या सॅनेटोरियममध्ये जायचं. ज्याच्याकडे नाही त्यानं चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत खोकत राहायचं.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले एक तरुण डॉक्टर, जोसेफ प्रॅट, यांना हे खटकत होतं. त्यांचं म्हणणं होतं की सॅनेटोरियममधली शिस्त गरिबाच्या घरी नेता येईल. पण त्यासाठी पैसा हवा. तो दिला इमॅन्युएल चर्चनं. बॉस्टनच्या बॅक बे या श्रीमंत वस्तीतलं हे चर्च, तिथले मुख्य धर्मगुरू एल्वूड वूस्टर. हे गृहस्थ जर्मनीत लाइपझिगला शिकून डॉक्टरेट घेऊन आलेले, मानसशास्त्राची गोडी असलेले. १ जुलै १९०५ ला प्रॅट यांचा क्षयरोग्यांचा पहिला वर्ग सुरू झाला.

या वर्गात साधारण वीस-पंचवीस रोगी असत. नियम कडक होते. काम पूर्ण बंद. दिवसरात्र उघड्यावर राहायचं, म्हणजे गच्चीवर, सज्जात किंवा तंबूत, बॉस्टनच्या हिवाळ्यातसुद्धा. दूध किती प्यालो, ताप किती होता, किती तास पडून राहिलो, हे प्रत्येकानं स्वतःच्या वहीत लिहायचं. एक परिचारिका घरी येऊन बघून जायची. आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र यायचं. वजन व्हायचं, वह्या तपासल्या जायच्या, ज्याचं वजन वाढलं त्याचं कौतुक व्हायचं.

प्रॅट यांनी साप्ताहिक बैठक ठेवली ती मुख्यतः वेळ वाचावा म्हणून. एकाच गोष्टी पंचवीस जणांना पंचवीस वेळा सांगण्यापेक्षा एकदा सांगितलेल्या बऱ्या. मानसोपचार वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हता. पण थोड्याच दिवसांत त्यांना दिसलं की माणसं बैठकीची वाट बघतात. वेगवेगळ्या वंशांची, वेगवेगळ्या पंथांची माणसं, एरवी एका बाकावर बसली नसती, ती इथे एकमेकांची वही कुतूहलानं बघतायत. क्षयरोगी म्हटल्यावर त्या काळी शेजारीपाजारी दूर पळत. इथे मात्र खोकला हीच ओळख होती. नव्यानं आलेल्या घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांच्या शब्दापेक्षा शेजारच्या खुर्चीवरच्या, सहा महिन्यांपूर्वी तसाच घाबरलेल्या माणसाचं वाढलेलं वजन जास्त पटायचं. पुढे अमेरिकेत समूह-मानसोपचाराचा इतिहास लिहिला गेला तेव्हा त्याचं आरंभस्थान म्हणून याच वर्गाचं नाव पुढे आलं. प्रॅट यांनी 'वर्ग' हा शब्द वेस्लींकडून उचलला असं मी म्हणत नाही. पण वही, घरी भेट आणि आठवड्याची बैठक ही तीनही सूत्रं दोन्हीकडे आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

एक खबरदारी इथेच घेऊया. या वर्गानं क्षय बरा केला, असा अर्थ काढू नका. काही जण सुधारले, काही नाही. नियम न पाळणाऱ्याला वर्गात जागा नव्हती, आणि काम सोडून पडून राहणं प्रत्येक गरिबाला परवडणारं नव्हतंच. आशा होती, पण ती वजनाच्या काट्यावर दर आठवड्याला तपासली जाणारी आशा होती. म्हणूनच ती टिकली असं मला वाटतं.

आता चर्चच्या दुसऱ्या प्रयोगाकडे येऊ. १९०६ च्या नोव्हेंबरमध्ये वूस्टर आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल मॅकोम यांनी मनाच्या आजारांवर रविवारची व्याख्यानं ठेवली. हार्वर्डचे मज्जारोगतज्ज्ञ जेम्स जॅक्सन पटनम त्यात बोलले. शेवटी वूस्टर यांनी जाहीर केलं की उद्या सकाळी ज्याला सल्ला हवा त्यानं चर्चमध्ये यावं. दुसऱ्या दिवशी जवळजवळ दोनशे माणसं हजर. निद्रानाश, भीती, उदासी, दारू. यातूनच 'इमॅन्युएल चळवळ' उभी राहिली. आधी डॉक्टरांनी तपासायचं, मग धर्मगुरूंनी बोलायचं, आणि बुधवारी संध्याकाळी सगळ्यांनी जमायचं, अशी रचना. प्रार्थना आणि भाषण झालं की गप्पा आणि खाणं. एकट्या पडलेल्या शहरी माणसाला त्या गप्पांची किंमत किती असेल, विचार करा.

लवकरच टीकाही आली. धर्मगुरूनं रोग्यावर उपचार करावेत का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला, आणि तो रास्त होता. पटनम यांनीच पाठिंबा काढून घेतला. १९०९ मध्ये अमेरिकेत आलेल्या फ्रॉइड यांनीही नापसंती दाखवली. वर्तमानपत्रांतली लाट काही वर्षांत ओसरली. तिची सगळ्यात टिकाऊ गोष्ट मात्र टीकाकारांच्या नजरेत आलीच नव्हती. ती चर्चच्या तळघरात होती.

१९०९ मध्ये अर्नेस्ट जॅकोबी नावाच्या रबराच्या व्यापाऱ्यानं इमॅन्युएल चर्चमध्ये पुरुषांचा एक क्लब काढला. दारू सोडू पाहणारे बरेच जण तिथे यायचे. तत्त्व एवढंच की दुसऱ्याला मदत करून स्वतःला मदत करायची. नव्या माणसाला एक जुना सोबती नेमून दिला जाई. तीनेक वर्षांनी वूस्टर यांनी कोर्टनी बेलर या माणसाला कामावर घेतलं. बेलर डॉक्टर नव्हते, धर्मगुरूही नव्हते. विम्याचं काम करणारे, स्वतः दारूतून बाहेर पडलेले गृहस्थ. त्यांची पात्रता हीच. प्रॅट यांच्या वर्गात जे आपोआप घडलं होतं ते इथे रीतसर झालं : रोग भोगलेला माणूस दुसऱ्या रोग्याचा आधार म्हणून नेमला गेला.

तिसरा मुक्काम ॲक्रन, ओहायो राज्यातलं टायरचं शहर. मे १९३५. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल, बिल विल्सन, धंद्याच्या कामाला इथे आला होता. दारू सोडून पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत त्यानं कितीतरी दारुड्यांना उपदेश केला आणि त्यातला एकही सुधारला नाही. त्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की प्रवचन थांबव, आधी आजाराबद्दल बोल. ॲक्रनमध्ये सौदा फिसकटला. खिशात पैसे थोडे. हॉटेलच्या एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि त्याच्याजवळ शहरातल्या चर्चची यादी. त्यानं फोन लावला एका अनोळखी धर्मगुरूला. म्हणणं काय? मला दुसरा एक दारुडा भेटवा.

ही मागणी नीट ऐका. त्यानं मला वाचवा म्हटलं नाही, प्रार्थना करा म्हटलं नाही. आपल्याला प्यायची इच्छा झाली की दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलल्यावर ती ओसरते, हे त्याला कळलं होतं. धर्मगुरूंनी काही नावं दिली. त्या धाग्यानं १२ मे ला भेट झाली ती बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशी, ज्यांची प्रॅक्टिस दारूपायी बुडत चालली होती. पंधरा मिनिटं थांबतो म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. बिलनं उपदेश केला नाही, स्वतःची हकीकत सांगितली. जूनमध्ये डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला, आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संस्था ती तारीख आपला जन्म मानते.

पण संस्था सुरुवातीला ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या घरात वाढली. तिथे धर्माचा आग्रह होता, आणि क्लीव्हलंडहून येणाऱ्या कॅथलिक सभासदांना त्यात सहभागी होणं त्यांच्या चर्चच्या दृष्टीनं अवघड होतं. १९३९ मध्ये क्लीव्हलंडच्या लोकांनी वेगळा गट काढला. पुढे नियम ठरले : सभासदत्वाला दारू सोडायची इच्छा एवढीच अट, आणि गटानं आपला खर्च आपणच भागवायचा. म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये बसायचं, पण भाडं भरून. भाडेकरूला पाहुण्यासारखं मिंधं राहावं लागत नाही. तो आपल्या खोलीत आपल्या रीतीनं बोलू शकतो. बॉस्टनमध्ये तर ए.ए.चा सुरुवातीचा गट जॅकोबी क्लबच्याच जागेत बसू लागला. तळघरातली गोष्ट फिरून तळघरापाशी आली.

१९५७ मध्ये ए.ए. मुंबईत आली, आणि आपण ज्या खोलीपासून सुरुवात केली ती इथून पुढची. तिथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे बसतात. चर्च बांधणाऱ्यांनी ती खोली यासाठी बांधली नव्हती. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसं समुपदेशक झाली, आणि रुग्णांच्या बायकांचे गट बसू लागले. तिथे चर्च नव्हतं. रीत मात्र तीच होती, कारण ती आता कुणा एकाची राहिली नव्हती.

मग चर्चनं दिलं काय? माझं उत्तर असं. त्यानं पैसा दिला, जागा दिली, माणसांना एकमेकांच्या घरी पाठवलं. आणि जिथे जमलं तिथे, थोडं उशिरा का होईना, ते बाजूला सरकलं. ब्रिस्टलला कर्जाच्या निमित्तानं, बॉस्टनला वजनाच्या निमित्तानं, ॲक्रनला एका फोनच्या निमित्तानं, मदत घेणारा माणूस मदत देणारा झाला. आशा म्हणजे दर वेळी बरं होणं नव्हे. पुढच्या आठवड्याला आपली खुर्ची कोणीतरी मोकळी ठेवली आहे आणि आपण आलो नाही तर कोणीतरी चौकशीला येईल, एवढी खात्रीही पुष्कळ असते. औषधं येतात, बदलतात. ही खात्री मात्र माणसांनाच एकमेकांना द्यावी लागते.

इथे थांबतो.