उष्णकटिबंधीय चक्रीवादळे आणि संख्यात्मक हवामान प्रतिमाने : एक ऐतिहासिक आढावा
(आंजी (मोठी), जि. वर्धा या परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

वर्धा–आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) हे गाव पूर्व व पश्चिम अशा दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर अंतरावर आहे. समुद्राची लाट येथवर पोहोचत नाही. त्यामुळे चक्रीवादळ हा विषय किनारपट्टीवरील लोकांचा, असे येथे सहज मानले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. बंगालच्या उपसागरात निर्माण होणारी न्यूनदाब क्षेत्रे किनारा ओलांडून पश्चिमेकडे व वायव्येकडे सरकतात आणि विदर्भातील खरिपाच्या पावसाचा मोठा भाग त्यांच्यामुळेच पडतो. हीच प्रणाली सप्टेंबरअखेरीस आली तर कापणीला आलेले सोयाबीन आणि फुटू लागलेली कपाशीची बोंडे भिजवून जाते. उपसागरात काय घडते आहे आणि त्याचे पुढे काय होणार आहे, हा प्रश्न म्हणूनच आंजीच्या शेतकऱ्याचाही आहे.

या प्रश्नाचे उत्तर आज संख्यात्मक प्रतिमाने, म्हणजेच रूढ भाषेत संगणकीय मॉडेल्स, देतात. त्यांचा इतिहास बहुधा संगणकाच्या वाढत्या शक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ही मांडणी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. निरीक्षण, भौतिक प्रक्रियेचे आकलन आणि गणनशक्ती या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच अंदाज सुधारला. यांपैकी एखादी उणी राहिली तेथे तो अडला.

निरीक्षणाचा कालखंड :

भारतातील हवामानशास्त्राचा पाया निरीक्षणाने घातला. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मधील. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदवह्या तपासून वादळातील वारे केंद्राभोवती कसे फिरतात याचा अभ्यास केला आणि १८४८ मध्ये 'सायक्लोन' हा शब्द रूढ केला. १८६४ च्या कलकत्ता चक्रीवादळाने हजारो बळी घेतले. त्यापाठोपाठ आलेल्या दुष्काळांमुळे देशव्यापी यंत्रणेची निकड जाणवली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात.

या कालखंडातील अंदाजाची रीत सांख्यिकीय होती. १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरातील वायुदाब, तापमान व पर्जन्य यांच्या नोंदींतील परस्परसंबंध शोधले. गतवर्षांत जे एकत्र घडले ते पुढेही एकत्र घडेल, हे या रीतीचे गृहीतक होते. तिची परंपरा दीर्घकाळ टिकली. डॉ. वसंत गोवारीकर व सहकाऱ्यांचे १९८८ पासून वापरात आलेले सोळा घटकांचे प्रतिमान याच परंपरेतील होय. २००२ मध्ये या रीतीने सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज वर्तविला. प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस पडला. जुने संबंध बदलले तर त्यांवर आधारलेला अंदाज कोसळतो, हा धडा त्या वर्षाने दिला.

रिचर्डसन यांचे अपयश :

दुसरा मार्ग समीकरणांचा होता. वातावरण हा एक प्रवाही पदार्थ आहे. त्याच्या गतीचे, उष्णतेचे व आर्द्रतेचे नियम ज्ञात आहेत. आजची स्थिती ठाऊक असेल तर उद्याची स्थिती आकडेमोडीने काढता यावी, अशी ही भूमिका. ब्रिटिश गणितज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील रुग्णवाहिका पथकात काम करीत असताना २० मे १९१० या दिवसाचे गणित हाताने मांडले. सहा तासांत वायुदाब १४५ मिलिबारने वाढेल, असे उत्तर निघाले. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी हे अपयश प्रांजळपणे नोंदविले आणि ६४,००० गणक एकाच सभागृहात बसून जगाच्या हवामानाचे गणित करीत आहेत, असे कल्पनाचित्रही रंगविले.

रिचर्डसन यांची समीकरणे मूलतः चुकीची नव्हती. आरंभीच्या निरीक्षणांत वारा व दाब यांचा परस्पर मेळ नव्हता आणि तोच दोष गणितात वाढत गेला. पुढे पीटर लिंच यांनी आरंभीची आकडेवारी संतुलित करून तेच गणित पुन्हा केले, तेव्हा उत्तर वास्तवाच्या जवळ आले. १९५० मध्ये चार्नी, फ्योर्टॉफ्ट व फॉन नॉयमन यांनी 'एनिॲक' संगणकावर पहिले यशस्वी संख्यात्मक अंदाज काढले. त्यासाठी त्यांनी प्रश्नच सोपा केला होता. वातावरणाच्या मध्यस्तरातील मोठे आवर्त तेवढे त्यांनी हाताळले.

उष्णकटिबंधाची अडचण :

हे सुलभीकरण समशीतोष्ण प्रदेशास मानवले. उष्णकटिबंधात ते चालेना. विषुववृत्ताजवळ कोरिऑलिस बल क्षीण असल्याने दाबावरून वारा ठरविता येत नाही. शिवाय येथील वादळांची ऊर्जा निराळी असते. समुद्रावरून उठणारी वाफ उंचावर सांद्रित होताना सुप्त उष्णता मुक्त करते; त्या उष्णतेने केंद्रातील दाब घटतो, भोवतालची आर्द्र हवा वेगाने आत येते आणि चक्र स्वतःलाच पोसू लागते. त्यासाठी सुमारे २६ ते २७ अंश सेल्सिअस तापमानाचे समुद्रजल, पुरेसे कोरिऑलिस बल, हवेच्या मध्यस्तरात आर्द्रता, आधीपासूनचे एखादे आवर्त आणि उंचीनुसार वाऱ्यात कमीत कमी फरक असावा लागतो. विल्यम ग्रे यांनी १९६८ मध्ये या अटींची सुसूत्र मांडणी केली. मान्सूनच्या भर महिन्यांत उपसागर उष्ण असूनही तीव्र चक्रीवादळे विरळ का, याचे उत्तर शेवटच्या अटीत आहे. तेव्हा खालचे वारे पश्चिमेकडून व वरचे पूर्वेकडून वाहतात आणि वादळाचा उभा स्तंभ टिकत नाही. म्हणूनच आपली मोठी वादळे मान्सूनपूर्व किंवा मान्सूनोत्तर काळात येतात.

या प्रक्रियेचे गणित प्रथम फसले. १९६१ मध्ये अकिरा कासाहारा यांनी केलेल्या प्रयोगात शेकडो किलोमीटरचे चक्रीवादळ न वाढता जाळीच्या लहानात लहान चौकटीतील ढगच वाढत गेले. १९६४ मध्ये चार्नी व एलियासन यांनी ढग आणि मोठे आवर्त परस्परांना कसे पोसतात याचा सिद्धांत मांडला आणि १९६९ मध्ये ओयामा यांच्या प्रतिमानात चक्रीवादळाचे जीवनचक्र विश्वसनीय रीतीने प्रकटले. येथे केवळ संगणक वाढवून भागले नसते. आकलनच बदलावे लागले.

भारतातील वाटचाल :

१९६२ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत मुंबईस आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र कार्यरत होते, तेथे आय.बी.एम. १६२० हा संगणक होता. १९६२ मध्येच पुण्यास उष्णकटिबंधीय हवामान संस्था स्थापन झाली. पी. आर. पिशारोटी तिचे संस्थापक संचालक. १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली. १९७९ च्या 'मोनेक्स' मोहिमेने मान्सूनची निरीक्षणे दिली आणि १९८३ च्या इन्सॅट-१ बी उपग्रहामुळे समुद्रावरील ढग सातत्याने दिसू लागले.

गणनशक्ती मात्र परावलंबी होती. भारताने मागितलेला अधिक समर्थ महासंगणक अमेरिकेने नाकारला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रास 'क्रे एक्स-एमपी/१४' मिळाला. त्याच वर्षी पुण्यात 'सी-डॅक'ची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचे, म्हणजे आपल्या विदर्भाचेच सुपुत्र.

२९ ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात दहा हजारांच्या जवळपास माणसे दगावली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्यात 'फायलिन' आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले होते आणि मृत्यू पन्नासहून कमी झाले. या यशात प्रतिमानाइतकाच निवारे, प्रशासन व सूचनेवरील विश्वास यांचा वाटा आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेस धडकले, त्या वेळी महाराष्ट्रानेही पूर्वसूचनेचे मोल अनुभवले.

किनाऱ्यानंतरचा प्रश्न :

किनारा ओलांडल्यावर वादळाचे काय होते? २६ सप्टेंबर २०२१ रोजी 'गुलाब' आंध्र किनाऱ्यावर कलिंगपट्टणमनजीक आले. क्षीण होत ते तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असे सरकत पश्चिमेस गेले आणि अरबी समुद्रात पोहोचून 'शाहीन' या नावाने पुन्हा तीव्र झाले. वादळ म्हणून ते संपले होते, तेव्हाच, २८ सप्टेंबर रोजी, यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागाव नाल्याच्या पुरात एस. टी. बस वाहून गेली. वाऱ्याचा वेग ओसरला तरी पावसाचा धोका ओसरत नाही, हे त्यातून दिसले. शेतकऱ्याच्या गणनेत हा हस्ताचा पाऊस. हवामानशास्त्राच्या नोंदीत चक्रीवादळाचा अवशेष.

अशा पावसाचा अंदाज गावपातळीवर देणे कठीण का, हे जाळीच्या आकारावरून कळते. वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौ. कि. मी. आहे. २०० कि. मी. बाजूच्या एका चौकटीत असे सहा जिल्हे मावतील. तेथे आंजीला स्वतंत्र अस्तित्वच नाही. १२ कि. मी. जाळीत जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे ४४ चौकटी येतात, ६ कि. मी. जाळीत सुमारे १७५. पण चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात आणि गणिताची कालपायरीही निम्मी करावी लागते. म्हणजे श्रम आठपट. पुण्याच्या संस्थेतील 'प्रत्युष' (२०१८) व 'अर्क' (२०२४) या महासंगणकांची आवश्यकता येथून उद्भवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामपंचायत स्तरावरील अंदाज सुरू झाले आणि २६ मे २०२५ रोजी ६ कि. मी. जाळीची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' राष्ट्रास अर्पण झाली.

तथापि बारीक जाळी म्हणजे बारीक ज्ञान नव्हे. एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखविल्याप्रमाणे आरंभस्थितीतील सूक्ष्म त्रुटीही काळानुसार वाढते. ३६ चौ. कि. मी. च्या चौकटीत खरोखर किती पाऊस पडला हे मोजणारे साधन त्या चौकटीत नसेल, तर अंदाज बरोबर होता की चूक, हेही ठरविता येत नाही. रिचर्डसन यांचा प्रश्न एका शतकानंतर आपल्या शिवारात असा परत आला आहे.

निष्कर्ष :

या आढाव्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, संख्यात्मक प्रतिमानाचे यश निरीक्षण, आकलन व गणनशक्ती यांच्या मेळावर अवलंबून राहिले आहे. दुसरी, किनाऱ्यावरील जीवितहानी घटविण्यात ते मोठ्या प्रमाणावर सफल झाले. अंतर्भागातील पावसाचे स्थान व प्रमाण सांगणे हे त्याचे अपुरे कार्य आहे. तिसरी, हे कार्य केवळ पुणे वा दिल्ली येथे पूर्ण होणारे नाही. ग्रामीण महाविद्यालयांच्या भूगोल व भौतिकशास्त्र विभागांनी प्रमाणित पर्जन्यमापकाची रोज ठरावीक वेळी नोंद ठेवली आणि ती वर्षानुवर्षे जपून ग्रामपंचायतीसाठी दिलेल्या अंदाजाशी पडताळली, तर या शास्त्रातील एक मूलभूत उणीव भरून निघेल. खर्च अल्प आहे. सातत्य मात्र हवे. पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदवह्यांतून जे उभे केले, ते आंजीच्या शिवारातील नोंदवहीतूनही पुढे नेता येईल.