जुनी जीप, जिप्सी किंवा थार चालता चालता बंद पडते? दोष कसा शोधायचा ते समजून घ्या

मुंबई-पुणे जुन्या हायवेवरच्या सोमाटणे फाट्याहून पवना धरण, तिकोना, लोहगड या बाजूंना जाणाऱ्या जुन्या जीप आणि जिप्सी पावसाळ्यात शनिवार-रविवारी हमखास दिसतात. त्यातल्या एक-दोन बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, हेही तितकंच हमखास. सेकंडहॅण्ड ४x४ घेणाऱ्यांत आता तरुण मुलं बरीच आहेत आणि त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: गाडी सुरू होते, नीट चालते आणि मध्येच बंद पडते.

यात खरा खर्च चुकीच्या निदानाचा होतो. डिझेल फिल्टर काहीशे रुपयांत येतो. पण तो न बघता कोणी "पंप-नोझल गेलं" म्हटलं आणि तुम्ही मान हलवली, तर बिल त्याच्या कितीतरी पट होतं. वर गाडी पुन्हा बंद पडतेच.

आधी आपली गाडी ओळखा

दोष कुठे शोधायचा हे इंजिनवर ठरतं. मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली ती ९७० सीसी कार्ब्युरेटर इंजिन घेऊन. १९९६ च्या जिप्सी किंगला १.३ लिटर इंजिन मिळालं आणि एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं इंजेक्शन, २००० च्या सुमारास आलं. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जुन्या जीपमध्ये साधं मेकॅनिकल डिझेल इंजिन असतं. २०१० मध्ये आलेली पहिली थार दोन प्रकारांत मिळायची: मेकॅनिकल पंपाची डीआय आणि कॉमन रेलची सीआरडीई. दिसायला जवळपास सारख्या, पण बंद पडण्याची कारणं बरीच वेगळी.

पेट्रोल इंजिनाला पेट्रोल, हवा आणि योग्य वेळी ठिणगी लागते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणून जुनी मेकॅनिकल डिझेल जीप चालता चालता बंद पडली, तर वायरिंगच्या आधी डिझेलच्या लाइनकडे बघायचं.

गाडी कशी बंद पडली, हे सगळ्यात महत्त्वाचं

मेकॅनिकला "बंद पडते" एवढंच सांगून उपयोग नाही. ती झटक्यात, स्विच बंद केल्यासारखी मेली की आधी अडखळली, धक्के दिले, रेस दिली तरी ओढेना आणि मग मेली? झटक्यात मेली तर संशय विजेवर: इग्निशन स्विच, कॉइल, सैल वायर, फ्युएल पंपाचा रिले किंवा क्रॅंक सेन्सर. अडखळत मेली तर बहुतेक वेळा इंधन पुरत नाहीये.

इथे फोन खरंच कामाला येतो. शेजारी बसलेल्याला मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा (गाडी चालवणाऱ्याने हे अजिबात करू नये). गाडी गिअरमध्ये पुढे सरकत असताना चाकं इंजिनाला फिरवतच असतात. तरीही आरपीएमचा काटा क्षणात शून्यावर आला, तर इंजिन फिरत असूनही सिग्नल गेला आहे, म्हणजे दोष इलेक्ट्रिकल. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला तर इंधनाकडे वळा. ज्या जीपमध्ये आरपीएम मीटरच नाही तिथे दिवे बघा. इंजिन बंद झाल्यावर चावी ऑन असेल तर बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागायलाच हवा. तो लागला म्हणून काही बिघडलेलं नाही. उलट एकही दिवा लागला नाही, तर मुख्य सप्लाय तुटलाय: बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज, इग्निशन स्विच किंवा अर्थिंगची पट्टी.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त, कारण जुन्या गाड्यांत ती फार छळते. बॅटरीपासून चॅसीला आणि चॅसीपासून इंजिनाला जाणाऱ्या पट्ट्या गंजतात. खड्ड्यात धक्का बसला की संपर्क तुटतो, पुढच्या धक्क्याला जुळतो. साध्या मल्टिमीटरने बॅटरी तपासा: इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. मग इंजिन चालू ठेवून वायरी हाताने हलवून बघा. फॅन आणि बेल्टपासून हात, ओढणी, बाही सगळं लांब.

कधी बंद पडते?

*चढावर.* सपाटीवर आणि स्लो स्पीडला गाडी झकास, पण घाटात लोड आला की गुदमरते, तर सर्वात आधी फिल्टर बदला. चोक झालेला फिल्टर थोडं इंधन जाऊ देतो, जास्त नाही. तरीही त्रास असेल तर टाकीचं झाकण बघा. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि इंधन ओढलं जात नाही. गाडी मेल्या मेल्या झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर दोष सापडला. फुकटात.

ऑफरोडला आणखी एक गोष्ट असते: कोन. टाकी अर्ध्याहून कमी असेल तर उभ्या चढावर इंधन एका बाजूला जातं आणि पाइप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही तसंच कलतं. फोनमधलं लेव्हल ॲप डॅशबोर्डवर ठेवून गाडी किती अंशाला मेली ते लिहून ठेवा. दर वेळी त्याच कोनात मरत असेल तर इंजिन उघडण्याची गरज नाही, टाकी भरा आणि फ्लोटची लेव्हल तपासून घ्या.

*गरम झाल्यावर.* तासभर चालून बंद, वीस मिनिटं थांबलं की सुरू, हे पेट्रोल गाडीत कॉइल तापल्याचं नेहमीचं लक्षण. सेन्सरवर चालणाऱ्या इंजिनात क्रॅंक सेन्सरही असाच वागतो. खंडाळ्याच्या ट्रॅफिकमध्ये उन्हाळ्यात कार्ब्युरेटरची गाडी थांबली तर व्हेपर लॉकही असू शकतो: पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. फरक ओळखायचा तर मेल्याबरोबर, गाडी गरम असतानाच ठिणगी तपासायला हवी. थंड झाल्यावर सगळंच ठीक दिसतं. म्हणून गॅरेजला टोचन करून नेलेली गाडी तिथे शहाण्यासारखी सुरू होते आणि तुम्ही खोटे पडता!

*पावसात.* लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, मावळातली हवा चार महिने ओली असते. डिस्ट्रिब्युटरच्या (गॅरेजमध्ये याला डेल्को म्हणतात) कॅपमध्ये दमट थर बसला किंवा प्लगच्या वायरीला तडे असले की ठिणगी भलतीकडे पळते. रात्री काळोखात बोनेट उघडून लांबून बघा, वायरींवर निळसर चमक नाचताना दिसते. कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसणं हा तात्पुरता उपाय, वायरी बदलणं हा खरा.

पाण्यातून जाताना बंद पडली तर मात्र सेल्फ मारू नका. हवेच्या फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावं लागतं. गाडी ओढून बाहेर काढा आणि एअर फिल्टर उघडा. आतून ओला असेल तर तिथेच थांबा, पुढचं काम मेकॅनिकचं.

*स्लो स्पीडला.* रेस सोडली की बंद, दिली की ठीक: कार्ब्युरेटरमध्ये पायलट जेटमधली घाण, एमपीएफआयमध्ये घाण झालेली थ्रॉटल बॉडी किंवा आयडल व्हॉल्व्ह, दोन्हीत फाटका व्हॅक्युम पाइप.

*रात्रभर उभी राहिल्यावर.* डिझेल जीप सकाळी सुरू होऊन मिनिटभरात मरते, तर लाइनने हवा धरली आहे. रात्रीत डिझेल मागे टाकीकडे उतरतं. फिल्टरनंतर थोड्या लांबीचा पारदर्शक डिझेल पाइप लावा आणि फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे त्यात स्पष्ट दिसतात. मग हॅण्ड प्रायमर मारून एअर काढायची आणि तांब्याचे वॉशर, क्लिपा, तडकलेले पाइप एकेक करून बदलायचे. फक्त एअर काढून सोडलं तर दोन दिवसांनी परत तेच. ही युक्ती कमी दाबाच्या लाइनपुरतीच. सीआरडीईच्या इंजेक्टरचे पाइप चालू इंजिनवर कधीही सैल करू नका. हजार बारच्या वर दाबाने उडालेलं डिझेल कातडीच्या आत घुसतं.

ई२० चा विषय

आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला चालतील असे रबर आणि पार्ट एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत आले. जुन्या जिप्सीत रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचे सील इथेनॉलने खराब होऊ शकतात. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि टाकीतला जुना गाळही सोडवतं. तो गाळ फिल्टरमध्ये येतो. जुनी पेट्रोल ४x४ नुकतीच अडखळायला लागली असेल तर फिल्टर आणि पाइप आधी बदला. महिनोन्महिने उभी राहणाऱ्या गाडीत पेट्रोल तुंबवून ठेवू नका.

ब्लूटूथ स्कॅनर घ्यावा का?

ईएलएम३२७ प्रकारचा छोटा ओबीडी स्कॅनर आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप असेल तर सीआरडीई थारसारख्या गाडीत बरंच कळतं. पी०३३५ म्हणजे क्रॅंक सेन्सरचं सर्किट, पी००८७ म्हणजे रेलमध्ये दाब कमी. कोडपेक्षा लाइव्ह डेटा बघा: सेल्फ मारताना आरपीएम शून्यच दाखवत असेल तर सेन्सरवर संशय पक्का. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. पी००८७ पंप गेल्यावर येतो तसा चोक फिल्टरनेही येतो. कार्ब्युरेटरच्या जिप्सीला किंवा मेकॅनिकल डिझेल जीपला हा स्कॅनर लावायला जागाच नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी पैसे घालवू नका. मल्टिमीटर घ्या.

चढावर मेली तर

इंजिन बंद झालं की व्हॅक्युम बूस्टरचा ब्रेक एक-दोन दाबांपुरताच हलका राहतो, नंतर पाय रोवून दाबावा लागतो. पुन्हा पुन्हा पंप करू नका, एकदाच दाबून धरा. हॅण्डब्रेक ओढा, रिव्हर्स गिअर टाका आणि क्लच सोडा. सोबतच्याला बाजूने उतरून चाकामागे मोठा दगड लावायला सांगा. त्याने गाडीच्या मागे उभं राहायचं नाही. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतारावर मागे येणं सगळ्यात धोक्याचं. आणि बंद पडलेल्या जिप्सीच्या कार्ब्युरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारायचा 'जुगाड' कोणी सुचवला तर नको म्हणा. एकदा बॅकफायर झालं की बाटलीसकट पेट घेते.

गॅरेजला जाताना फोनच्या नोट्समध्ये एवढं तरी लिहून न्या: किती किलोमीटरनंतर मेली, इंजिन गरम होतं की थंड, टाकीत किती इंधन, चढ की सपाट, पाऊस होता का, किती वेळाने परत सुरू झाली. सोबत तो मीटरचा व्हिडिओ दाखवा.